वेयिलमुत्तूच्या फोटोवरचा हार

शिवकाशीत फटाक्यानं कुणी दचकत नाही. दिवसभर कुठं ना कुठं नमुन्याचे बार उडत असतात, पाळण्यातलं पोरसुद्धा कूस बदलत नाही. माणूस दचकतो तो एकाच आवाजाला. शेजारच्या माळ्यावर तांदळाचं पोतं पडावं तसा बद्द, जाडा आवाज. तो झाला की बोलणारा अर्ध्या शब्दावर थांबतो, बायका हातातलं टाकून उंबऱ्यावर येतात आणि सगळ्यांच्या माना आभाळाकडं वळतात, धूर कुठल्या अंगाला दिसतो ते बघायला. दुसऱ्या अंगाला दिसला तर सुस्कारा टाकायचा आणि लगेच त्या सुस्काऱ्याची लाज वाटून घ्यायची, कारण त्या अंगालाही कुणाचं तरी माणूस असतंच.

तंगपुष्पमचे, म्हणजे घरच्यांच्या तंगमचे, कान या आवाजाची वाट बघतच मोठे झाले. तिचा बाप वेयिलमुत्तू फटाक्यांच्या कारखान्यात, दारू भरायच्या खोलीत कामाला. वाती वळणारे, कागद चिकटवणारे पुष्कळ. दारू भरणारे थोडे. त्याला हात लागतो. अनवाणी पायानं रबराच्या चटईवर बसायचं, लोखंडाचं काही जवळ ठेवायचं नाही, आणि नळीत दारू अशी सोडायची की तिला वाटावं आपण आपल्याच पायानं चाललोय. ॲल्युमिनियमच्या भुकटीनं त्याचे दोन्ही हात कायमचे रुपेरी झालेले. लग्नाच्या पंगतीत तो त्या हातांनी रसम-भात कालवायला लागला की नवखा पाहुणा घास विसरून बघत राही. लहानपणी तंगमला वाटे, आपला बाप चांदीच्या हातांचा देव आहे. मोठी झाल्यावर तेच हात बघायचं ती टाळू लागली.

ती स्वतः दारूच्या वाऱ्याला उभी राहिली नाही. अरुणगिरी अण्णाचींच्या दुकानात कॅलेंडरची चित्रं तयार करायला बसली. आधी ब्रशनं फिल्मवरचे डाग पुसायची, मग कॉम्प्युटर आला तेव्हा फोटोशॉप शिकली. अण्णाची मायाळू माणूस, पण भारी घाईचा. त्यांच्या घाईपायी एकदा तंगमनं लक्ष्मीला दोन्ही हात डावे लावले आणि तशीच हजारो कॅलेंडरं छापून तिरुनेलवेलीच्या एका तांदूळवाल्याकडं गेली. दुकान बुडालं म्हणून अण्णाची कपाळाला हात लावून बसले. तर पुढल्या वर्षी त्या तांदूळवाल्याचा निरोप आला, ‘तीच लक्ष्मी पाठवा. तिच्यामुळं बरकत आली.’ तेव्हापासून अण्णाची तंगमला काही बोलत नसत. ते जेवायला घरी जात, जेवून एक डुलकी काढत, आणि तेवढा वेळ दुकान, कॉम्प्युटर आणि नवंनवं आलेलं इंटरनेट तंगमच्या ताब्यात असे.

फोनच्या तारेवरचं ते इंटरनेट. लागताना कोंबडं मुरगाळल्यासारखं ओरडायचं. त्यातून फिरता फिरता तिला एक जागा सापडली. फोटोत फेरफार करायचा छंद असलेली माणसं तिथं जमत. कुणी हत्तीला पंख लावी, कुणी आपल्या गल्लीत समुद्र आणी. त्या जागेचं इंग्रजी नाव मोठं होतं, पण तिथली माणसं तिला नुसतं ‘घर’ म्हणत.

तंगमनं त्या घराच्या दारात पुष्कळ दिवस नुसतं उभं राहून बघितलं. आत पाऊल टाकायची भीती. बाईमाणूस, आपलं इंग्रजी हे असं, कुणी हसलं तर? कुणी नाव-गाव विचारलं तर? शेवटी एके दुपारी डोळे मिटून तिनं आपलं एक चित्र टाकलं, तळ्याकाठी उभी असलेली मीनाक्षी. आणि मशीन बंद करून टाकली, जसं काही त्यातून कुणी हात बाहेर काढून तिची वेणी धरणार होतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलेलं. ‘चित्र सुंदर आहे. पण या बाईला दोन सावल्या का?’

लिहिणारीचं नाव इल्डिको. हंगेरी नावाच्या देशातल्या सेगेद गावची म्हातारी. सगळं आयुष्य फोटो स्टुडिओत ब्रश चालवण्यात गेलेलं आणि आता म्हातारपणी कॉम्प्युटर शिकलेली. तंगमनं उत्तर दिलं, ‘एक सावली सूर्याची, एक देवळाच्या दिव्याची.’ थाप होती. म्हातारीनं ओळखली. लिहिलं, ‘माणूस थापा मारतं, पोरी, सावली मारत नाही. आधी सावली शोध, मग तिच्या टोकाला माणूस उभं कर.’

तिथून दोघींचं जुळलं. इंग्रजी दोघींचंही लंगडं, पण दोन लंगडी माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बरी चालतात. इल्डिको एकेक धडा देई. चित्रातले केस कसे कापून काढायचे, पाण्यात पडछाया कशी मोडते, उजेड गालावरून कसा घसरतो. घरातली बाकीची माणसंही हळूहळू ओळखीची झाली. कुणी टपाल वाटणारा, कुणी ट्रक चालवणारा, कुणी आजारी नवऱ्याच्या उशाशी बसून चित्रं जोडणारी. तोंडं कुणाचीच बघितलेली नाहीत, पण तंगम दोन दिवस दिसली नाही की ‘बरी आहेस ना?’ म्हणून विचारणारी. तिला दुकानात येताना हुरूप वाटू लागला. बापाच्या खोलीकडं लागलेले कान तेवढ्या दुपारपुरते सुटायचे.

त्या घराची एक रीत होती. माणसाला तिथं येऊन वर्ष झालं की त्यानं आपला एक फोटो द्यायचा आणि ज्यानं त्याला शिकवलं त्यानं तो नटवून परत भेट द्यायचा. तंगमचं वर्ष भरलं. इल्डिकोनं निरोप धाडला, ‘दे तुझा फोटो.’

आता आली का पंचाईत! आपला फोटो परमुलखात पाठवायचा? तिथून तो कुठं जाईल, कोण त्याचं काय करील? याच घरात तिनं बघितलं होतं, एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर कसं बसतं ते.  म्हणून तिनं काय केलं, बापाचा फोटो पाठवला. घराच्या दारात, लुंगी खोचून, रुपेरी हात पुढं धरून हसत उभा असलेला वेयिलमुत्तू. खाली लिहिलं, ‘हे माझे अप्पा. यांनीच मला हात धरून लिहायला शिकवलं. माझ्याऐवजी यांना नटवा.’

माझ्याऐवजी. हा शब्द पुढं तिला रात्रंदिवस खायला उठला.

फोटो गेला. काही दिवसांनी दुपारी, अण्णाची जेवायला गेल्यावर तिनं मशीन लावली. भेट आलेली होती. त्या काळी चित्र एकदम दिसत नसे, वरून खाली एकेक ओळ उतरत येई. आधी काळी लाकडी चौकट दिसली. मग कपाळ. कपाळावर कुंकवाचा टिळा. मग चौकटीच्या दोन्ही अंगांनी मोगरा आणि झेंडू उतरू लागला. एकेक फूल असं घडवलेलं की वास यावा. हार पार छातीखाली येऊन मिळाला, आणि त्याच्या खाली एक समई, आणि समईचा उजेड वेयिलमुत्तूच्या हनुवटीवर.

तंगमनं माउसवरचा हात काढून घेतला.

म्हातारीनं मन लावून काम केलं होतं. खाली लिहिलेलं, ‘तुमच्याकडं मोठ्या माणसाला मान देतात तसा दिलाय. तूच दाखवलं होतंस.’ आणि तंगमला आठवलं. काही महिन्यांपूर्वी तिनं दुकानाचा एक फोटो टाकला होता. त्यात भिंतीवर अण्णाचींच्या वडिलांची तसबीर होती, हार घातलेली, खाली दिवा. तिनं लिहिलं होतं, ‘हे आमचे मोठे अण्णाची. रोज यांना फुलं वाहतो, दिवा लावतो, मगच काम सुरू.’ ते वारलेत हे लिहिलं नव्हतं. मालकाच्या बापाला वारले म्हणून उघड कोण लिहील? आणि आपल्याकडं तसबिरीला हार दिसला की वेगळं सांगायला लागतं का?

ती उठली. दुकान उघडं, मशीन चालू, चप्पल पायात नाही, तशीच सुटली. कारखान्याच्या फाटकापर्यंत धावत-चालत गेली.

फाटकावरचा राखणदार म्हणाला, "काय गं, काय झालं?"

"अप्पा आहेत?"

"आहेत की. भरतायत."

"नक्की?"

"आता आत जाऊन चिमटा काढून येऊ का? दुपारचं खोलीत कुणाला हाक मारायची नाही, ठाऊक नाही का तुला?"

ठाऊक होतं. दचकलेला हात काय करतो ते तिथं सगळ्यांनाच ठाऊक. ती फाटकासमोरच्या बाभळीखाली बसून राहिली. सुटीचा भोंगा होईपर्यंत हलली नाही.

इकडं दुकानात अण्णाची डुलकी काढून आले. बघतात तो दार सताड उघडं, पोरगी नाही, तिची चप्पल तिथंच, आणि पडद्यावर हार घातलेला वेयिलमुत्तू. सांगितलं ना, माणूस घाईचा. क्षणभर हात जोडले, डोळे पुसले, शटर ओढलं, चौकातून चांगला जाड गुलाबाचा हार घेतला आणि थेट तंगमच्या घरी.

तंगमची आई पेच्चियम्माळ दारात उडीद निवडत होती. समोर हार घेऊन मालक उभे.

"काय हो अण्णाची, कुणाचं लग्न?"

अण्णाची हुंदका देऊन म्हणाले, "धीर धर, बाई. वेयिलमुत्तूसारखा माणूस व्हायचा नाही."

पुढं काय झालं ते त्या गल्लीत अजून सांगतात. तिनं फोडलेली किंकाळी तीन गल्ल्या पलीकडं गेली. बायका जमल्या. कुणी तिचे केस सोडले, कुणी पाण्याची घागर आणली. स्फोटाचा आवाज कुणीच ऐकला नव्हता, पण प्रत्येकजण म्हणू लागला, ‘मला वाटलंच, दुपारी कसलासा दणका झाला.’ एकीला तर धूरसुद्धा दिसला होता.

आणि दिवस कलल्यावर गल्लीच्या तोंडाला वेयिलमुत्तूची सायकल आली. मागं कॅरियरवर तंगम, रडून डोळे सुजलेले. वाटेत तिनं बापाला काहीच सांगितलं नव्हतं. आपल्या दाराशी गर्दी बघून तो सायकलवरून उतरला. डोक्याचा टॉवेल काढून काखेत घेतला. मयताच्या दारी जाताना घेतात तसा. आणि हळूच कडेच्या म्हातारीला विचारलं, "कोण गेलं हो?"

म्हातारी रडता रडता म्हणाली, "वेयिलमुत्तू रे बाबा." मग वर बघितलं आणि तशीच मागं सरकली.

गर्दी दुभंगली. पेच्चियम्माळनं नवऱ्याला बघितलं. मग उठली आणि उडदाचं सूप घेऊन त्याच्या अंगावर धावली. "मेल्या! जिवंत होतास तर बेल वाजवत यायला काय झालं होतं?" आणि सूप टाकून त्याच्या छातीवर कपाळ आपटून अशी रडली की ते रडणं त्या आधीच्या रडण्यापेक्षा भयंकर.

तंगमनं पडद्यावरच्या हाराचं सांगितलं तसे सगळे हसले. हसायलाच हवं होतं. पण अण्णाची हातात हार घेऊन अवघडून उभे होते. मयताच्या नावानं आलेला हार दारातून परत न्यायचा नसतो, आणि जिवंत माणसाच्या हातात द्यायचा नसतो. ठेवायचा कुठं? अण्णाचींनी तो कसाबसा कट्ट्यावर ठेवला. लोक बोलण्यात होते तेवढ्यात शेजारची शेळी आली आणि देठासकट सगळा हार खाऊन गेली. मग काय, सारी गल्ली त्या शेळीकडं डोळ्यांत तेल घालून बघू लागली. ती शिंकली तरी बायका तोंडाला पदर लावत. शेळी मात्र गुलाब पचवून ठणठणीत.

खरी भीती लोक पांगल्यावर घरात शिरली. वेयिलमुत्तू त्या संध्याकाळी मोठ्यानं हसला, थट्टा केली, "माझ्यामागं कोण कोण रडतं ते फुकट बघायला मिळालं." पण दुसऱ्या दिवशी सकाळी पेच्चियम्माळनं कॉफी दिली तेव्हा पितळी पेला वाटीत किणकिण वाजू लागला. तंगमनं बघितलं. रुपेरी हात थरथरत होता. बापानं झटकन दुसऱ्या हातानं पेला धरला. दुसराही थरथरत होता.

तो सायकल घेऊन गेला. जाताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. तो म्हणाला, ‘येतो.’ पण त्या दिवशी तो शब्द कुणाच्या कानाला खरा वाटला नाही.

दिवाळी तोंडावर आलेली. भरणाऱ्यांची कमी, सुटी कोण देतो? संध्याकाळी घरी आल्यावर तो बराच वेळ हात धूत बसला. मग पाठमोराच म्हणाला, "मुनियांडी शेजारी बसायला नको म्हणाला."

मुनियांडी त्याच्याच हाताखाली शिकलेला, लेकासारखा.

"काय म्हणाला?" पेच्चियम्माळनं विचारलं.

"म्हणाला, मामा, राग मानू नका. मला दोन लेकरं आहेत. दारूला हात कळतो." तो थांबला. "खोटं नाही बोलला. मीच त्याला शिकवलंय ते. भ्यालेल्या माणसाला खोलीत घेऊ नये. एकाचा हात हलला की चौघं जातात."

"मग नका जाऊ!"

"आणि काय करू? वाती वळू? सगळे म्हणतील, मेलेला माणूस वाती वळतोय. मुकादम म्हणाला, सोमवारी हात बघतो. शनिवारपर्यंत एकटा बस, कडेच्या खोलीत."

एकटा. म्हणजे गेला तर एकटाच जाईल.

पेच्चियम्माळ माडसामीच्या देवळात गेली. पुजाऱ्याच्या अंगात आलं, लिंबू कापलं, राख फुंकली आणि देव बोलला, "जिनं हार घातला तिनंच उतरवावा." घरी येऊन तिनं लेकीला खडसावलं, "ऐकलंस? सांग तुझ्या त्या म्हातारीला. कागद असता तर मीच विहिरीत टाकला असता. हे तुझं कुठल्या आभाळात लटकलंय, तिथवर माझा हात पोचत नाही."

तंगमनं दुपारी मशीन लावली. घर उघडेना. नुसती पांढरी पाटी, ‘दुरुस्तीसाठी बंद.’ दुसऱ्या दिवशी तेच. तिच्याकडं इल्डिकोचा दुसरा पत्ता नव्हता. जे काही बोलणं व्हायचं ते त्या घरातच. आणि आता घराला कुलूप, आत तिचा बाप, गळ्याशी मोगरा, पायाशी दिवा. ती पांढऱ्या पाटीकडं बघत बसे आणि कान दक्षिणेकडं, कारखान्याच्या अंगाला लावी. अण्णाची आता जेवून झोपत नसत. तिच्यामागं खुर्ची टाकून बसत आणि विचारत, "उघडलं का गं?" जणू देवळाचं दार.

"नाही, अण्णाची."

"माझीच चूक गं. एवढा महागाचा हार घेऊन गेलो. साधा घेतला असता तर एवढा लागला नसता."

"हाराच्या किमतीवर असतं होय ते?"

"कुणास ठाऊक! माझा बाप म्हणायचा, शुभ-अशुभ दोन्ही जाडीवर असतं."

शुक्रवारी घर उघडलं. तंगमच्या बोटांना अक्षरं सापडेनात. तिनं लिहिलं, ‘अम्मा, आमच्याकडं तसबिरीला हार मेलेल्या माणसाला घालतात. मी तुम्हाला सांगितलं नाही. माझे अप्पा दारू भरतात. त्यांचा हात आता थरथरतो. हार काढा. तुम्हीच काढा.’

उत्तर आलं ते त्याच दुपारी. त्यात धडा नव्हता, थट्टा नव्हती.

‘पोरी, तुला वाटत असेल म्हातारी हसेल. मी हसत नाही. तरुणपणी मी सरकारी स्टुडिओत होते. वरून फोटो यायचा, त्यातल्या एका माणसाभोवती पेन्सिलीनं गोल असायचा. त्या माणसाला पुसून तिथं भिंत काढायची. तो माणूस कुठं गेला हे विचारायचं नाही. एकदा असाच पुसलेला एक मास्तर मला बाजारात दिसला, पाव घेत होता. मी त्याच्याकडं बघू शकले नाही. पुढं तो कधीच दिसला नाही. चित्रातलं चित्रात राहतं असं लोक म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही. हार मी उतरवते. पण एका फटक्यात पुसणार नाही. तसं मी पूर्वी करायचे. एकेक फूल घातलंय, एकेक फूलच उतरवीन. आणि घरातल्या सगळ्यांना बोलावते, कारण सगळ्यांनी तो हार बघून वाहवा केली होती.’

ते चित्र मग इल्डिकोच्या हातून निघालं. तिनं समई आणि टिळा काढला, वरची फुलं काढली आणि चित्र टपालवाल्याकडं दिलं. त्यानं एक झेंडू काढला, पुढं दिलं. ट्रकवाल्यानं कुठल्याशा धाब्यावर थांबून एक काढलं. नवऱ्याच्या उशाशी बसणारीनं मोगऱ्याची एक कळी काढली आणि लिहिलं, ‘तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग.’ तंगम दुकानात बसून बघत होती. एकेक फूल कमी झालेलं चित्र वरून खाली उतरे, आणि दर वेळी ती उरलेली फुलं मोजी.

रविवारी कारखाना बंद. आई-बापाला घेऊन ती दुकानात आली. अण्णाचींनी स्वतः शटर उघडलं, वेयिलमुत्तूला खुर्ची दिली आणि दोन पावलं लांब उभे राहिले. या खेपेला हातात काही नव्हतं.

शेवटचं चित्र उतरू लागलं. काळी चौकट गेलेली. कपाळ कोरं. खांद्यांच्या अंगाला फूल नाही. मागं घराचं दार, तेच जुनं. पेच्चियम्माळनं दोन्ही हात कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली. "निघाला! निघाला बाई एकदाचा!"

तंगम मात्र पडद्याला डोळे लावून बसली. हार निघाला होता, पण समईचा उजेड हनुवटीखाली तसाच होता. दिवा नाही आणि उजेड आहे. सावली थापा मारत नाही.

खाली इल्डिकोनं लिहिलं होतं, ‘चेहऱ्यावरचा उजेड मी काढलेला नाही. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. तुझ्या बापाच्या चेहऱ्यावर खरी सावली कशी पडते हे तुलाच ठाऊक. शेवटचं तू काढ.’

"काय म्हणते?" वेयिलमुत्तूनं विचारलं.

"थोडं राहिलंय, अप्पा. मला काढायचंय."

"मग काढ की."

तिनं माउसवर हात ठेवला. हात थरथरत होता. ब्रश हनुवटीवरून सुटून गालावर गेला, तिथं काळा ओरखडा उमटला. पेच्चियम्माळ ओरडली. तंगमनं तो पुसला, पुन्हा हात ठेवला. पुन्हा थरथर. तिला वाटलं, चुकलं तर? बापाचा चेहरा आपल्याच हातानं बिघडला तर? माझ्याऐवजी यांना, असं आपणच लिहिलं होतं.

"थांब," वेयिलमुत्तू म्हणाला. खुर्ची ओढून तिच्या लगत आला. "हाताकडं बघतेस. हाताकडं बघायचं नसतं. त्याला कळतं, तू भ्यालीस ते. जिथं जायचं तिथं बघ."

"जमत नाही, अप्पा."

"श्वास घे. सोड. सगळा सोड, आतलं पोतं रिकामं कर. आता पुढचा घ्यायच्या आधी जो रिकामा वेळ असतो ना, तेवढ्यात हात हलतो. घाई नाही. मुनियांडीला हे शिकवायला मला एक पावसाळा लागला, गाढव आहे तो. तू त्याच्याहून हुशार." आणि दाखवायला म्हणून त्यानं आपला हात टेबलावर धरला, चिमूट केली आणि हवेतच नळीत दारू सोडावी तशी बोटं हलवली.

तंगम पडद्याकडं बघायची विसरली. रुपेरी बोटं हलत होती, सावकाश, नेमकी. थरथर नव्हती. त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पेच्चियम्माळच्या आलं होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. अण्णाची काही बोलायला गेले, तर तिनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते गप्पच झाले. हाताला सांगायचं नसतं, की तू बरा झालास.

तंगमनं बापाच्या खऱ्या चेहऱ्याकडं बघितलं. शटरमधून दुपारचा उजेड एका बाजूनं येत होता, हनुवटीखाली दाट सावली होती, मानेवरच्या जुन्या भाजल्याच्या खुणेत ती थोडी खोल जात होती. तिनं श्वास सोडला. आणि त्या रिकाम्या वेळात ब्रश हलवला.

सोमवारी तो कामाला गेला. मुकादमानं हात बघितला, काही न बोलता मुनियांडीच्या शेजारची चटई दाखवली. हे तंगमला संध्याकाळी कळायचं होतं. दिवसभर तिला काहीच ठाऊक नव्हतं.

दुपारी अण्णाची जेवायला गेले. तिनं घर उघडलं नाही. एका जुन्या फिल्मवरचे डाग पुसत बसली. आणि एकाएकी तो आवाज आला. बद्द, जाडा. हातातला ब्रश पडला. ती उंबऱ्यापर्यंत कशी आली तिला कळलं नाही. समोरच्या दुकानातले सगळे बाहेर आलेले, माना वर. आभाळ स्वच्छ. तेवढ्यात मागच्या गोदामातून हमालाची शिवी ऐकू आली. कागदाचा गठ्ठा घसरून पडला होता. समोरचा पानवाला हसला, पण त्याचं तोंड पांढरंफटक होतं. तंगमनं आत येऊन ब्रश उचलला आणि सुटी होईपर्यंत एकच डाग पुसत राहिली.

संध्याकाळी ती घरी गेली. आई उडीद घेऊन दारात बसलेली, पण निवडत नव्हती. तंगम तिच्याशेजारी बसली. शेळी कट्ट्याखाली रवंथ करत होती.

मग गल्लीच्या तोंडाला सायकलची बेल वाजली. एकदा नव्हे. वाजतच राहिली. कोपऱ्यापासून दारापर्यंत, न थांबता, कान किटेपर्यंत. कुणीतरी घरातून ओरडलं, "कळलं हो मामा, जिवंत आहात!"

"माझ्या बायकोला कळलं का?" वेयिलमुत्तू ओरडला आणि आणखी वाजवली.

पेच्चियम्माळनं मान खाली घातली आणि उडदातला एक खडा उचलून बाहेर टाकला.